पहिला धडा कढणाचा

स्वयंपाक शिकणें म्हणजे पदार्थ शिकणें, अशी समजूत आज बहुतेक सुशिक्षित घरांत रूढ झालेली दिसते. मुलगी अगर मुलगा शिक्षणासाठीं परगांवीं निघाला, कीं घरची मंडळी त्याला पोहे, खिचडी, पिठलें आणि फार तर पोळी एवढे चार पदार्थ घाईघाईनें शिकवितात व आपलें कर्तव्य पार पडलें असें मानतात. हे पदार्थ ज्या पायावर उभे असतात, त्या पायाची ओळख करून द्यावयाची मात्र राहून जाते. हें आम्ही दुसऱ्यास नांवें ठेवण्याकरितां लिहीत नाहीं. आमच्याच घरीं गेल्या होळीला जो प्रकार घडला, त्यानें आमचे डोळे उघडले. आणि त्यांतून जें शिक्षण मुलांस व आम्हांसहि मिळालें, तें इतर कुटुंबांच्या उपयोगीं पडेल अशा समजुतीनें येथें देत आहों.

आमचें घर इंदापूरचें. कामाधंद्यानिमित्त तिघां भावांपैकीं दोघांचीं बिऱ्हाडें पुण्यास व एकाचें बारामतीस आहे. तथापि होळी सर्वांनीं इंदापुरीं, मातोश्रींजवळ करावयाची, हा परिपाठ अद्याप चालू आहे. यंदां पुरण शिजत घालण्याचें काम आमच्या पुतणीनें आपण होऊन अंगावर घेतलें. मुलगी बावीस वर्षांची, पुण्यास स्थापत्यशास्त्राचा अभ्यास करणारी, हुशार आणि हौशी. डाळ तिनें उत्तम शिजविली. मग चाळणी मोरीवर धरून तिनें पातेलें उपडें केलें आणि तें सारें पिवळेंधमक पाणी मोरींतून वाहून गेलें. थोड्या वेळानें भावजय आंत आल्या व त्यांनीं विचारलें, "अग, कट कुठें काढून ठेवलास?"

"कसला कट, आई?" मुलीनें निरागसपणें उत्तर दिलें. "डाळीचं पाणी होतं तें, ओतून दिलं."

कट म्हटला कीं त्या बिचारीला इतिहासाच्या पुस्तकांतले कट तेवढे ठाऊक! एरवीं आम्हांस हंसूं आवरलें नसतें. पण त्या वेळीं कोणीच हंसलें नाहीं. सर्वांचे डोळे एकदम मातोश्रींकडे वळले. कारण साठ वर्षांपूर्वीं त्याच स्वयंपाकघरांत घडलेली एक गोष्ट घरांतील प्रत्येकास ठाऊक होती.

मातोश्रींचें माहेर बारामतीचें. कविवर्य मोरोपंतांचें वास्तव्य जेथें झालें, त्या कऱ्हेकाठच्या गांवांत त्या वाढल्या. माहेरच्या वडीलधाऱ्यांनीं मुलीस हौसेनें शाळेंत घातलें. परंतु शाळेच्या कपड्यांनीं सोवळ्याच्या स्वयंपाकघरांत पाऊल टाकावयाची सोय नव्हती. परिणामीं १९६३ सालीं इंदापुरास नव्या सूनबाई म्हणून त्या आल्या, तेव्हां इंग्रजी व्याकरण त्यांना चांगलें येत होतें, पण कट म्हणजे काय हें ठाऊक नव्हतें. सासरच्या पहिल्याच होळीला त्यांनीं तो परसांतील केळींच्या आळ्यांत ओतून दिला. त्या दिवशीं पंगतीला आमटी नव्हती. सासूबाईंनीं भर पंगतींत सुनेच्या शिक्षणाचा उद्धार केला आणि पुढें कित्येक वर्षें प्रत्येक होळीला पाहुण्यारावळ्यांसमोर ती कथा नव्यानें सांगितली जात असे. ऐकणारे हंसत. मातोश्री वाढीत असत. त्या खालीं पाहून वाढीत राहत.

न्यायासाठीं दुसरी बाजूहि सांगितली पाहिजे. त्याच सासूबाईंनीं पुढें मातोश्रींस जें शिकविलें, तें कोणत्याहि पुस्तकांत मिळालें नसतें. १९७२ च्या दुष्काळांत विहिरींनीं तळ गांठला, धान्य महाग झालें आणि परदेशाहून आलेला तांबडा मिलो घरोघर दळला जाऊं लागला. त्या वर्षीं आमच्या घरांत पाण्याचा एक थेंबहि दोनदां उपयोगांत आल्यावांचून बाहेर जात नसे. तांदूळ धुतलेलें पाणी भाजींत जाई. भाताची पेज लहान मुलांस मिळे. मुगाचें कढण आजाऱ्यास आणि हुलग्याचें कढण सर्वांस. इंदापूर तालुक्याच्या उत्तरेस भीमा आणि दक्षिणेस नीरा वाहते, तरी मधला मुलूख कोरडा. आणि हुलगा हें कोरड्या जमिनीचें धान्य. हलक्या रानांत, थोड्या पावसावर येणारें हें कडधान्य भाजून, भिजवून, मंद विस्तवावर शिजवावें. वरचें दाट पाणी गाळून त्यास जिऱ्याची फोडणी द्यावी. खालच्या दाण्यांची उसळ करावी. एका पातेल्यांत दोन पदार्थ आणि वायां कांहींच नाहीं! "पाणी अन्न आहे, हें मला दुष्काळानं शिकवलं आणि सासूबाईंनीं दाखवलं," असें मातोश्री सांगतात. ज्या हातानें अपमान झाला त्याच हातानें विद्या मिळाली, ही गोष्ट त्या लपवीत नाहींत. आणि विद्या मिळाली म्हणून अपमान गोड झाला, असेंहि त्या म्हणत नाहींत.

अशा त्या मातोश्री आतां काय बोलतात, म्हणून आम्ही श्वास रोखून उभे होतों. मुलीचा चेहरा उतरला होता. मातोश्रींनीं पाट पुढें ओढला, त्यावर त्या बसल्या व म्हणाल्या, "डब्यांत हरभऱ्याची डाळ आहे ना? एक वाटी घे. आणि इथें माझ्याजवळ बस. आमटी होईल, जेवायला अर्धा तास उशीर होईल, एवढंच."

त्या एका वाक्यानें साठ वर्षांची एक परंपरा मोडली, असें आम्हांस वाटलें.

परंतु खरा पेंच पुढेंच होता. २०२१ सालच्या साथींत मातोश्रींस कोविडचा ताप आला. त्यांतून त्या उठल्या, पण त्यांची वासाची शक्ति गेली ती परत आली नाहीं. आपण ज्यास चव म्हणतों, तिचा मोठा भाग वासाचाच असतो. जिभेस गोड, आंबट, खारट, कडू अशीं ढोबळ लक्षणें कळतात. हिंग तळला गेला कीं करपला, मसाला भाजला कीं कच्चा राहिला, हें मातोश्रींस आतां समजत नाहीं. चार वर्षें त्यांनीं हें कोणापाशीं फारसें बोलून दाखविलें नाहीं. केवळ संवयीच्या हातानें स्वयंपाक केला. त्या दिवशीं कटाच्या पातेल्याजवळ बसून त्या नातीला म्हणाल्या, "मी सांगेन तसं कर, पण कसं लागतं तें तुलाच सांगावं लागेल. मला आतां कळत नाहीं." घरची चव ज्या एका जिभेवर विसंबून होती, ती जीभ मुकी झाली आहे, हें आम्हां सर्वांस तेव्हां प्रथम स्पष्टपणें समजलें. ही विद्या आतां घेतली नाहीं तर पुढें ती मागावयाची कोणाजवळ?

होळीनंतर पुतणी दर शनिवारीं-रविवारीं इंदापुरास येऊं लागली. तिच्याबरोबर आमचा चिरंजीवहि बसूं लागला. मुलानें स्वयंपाकघरांत काय शिकावयाचें, असें कोणी म्हणालें नाहीं आणि म्हणावयाचें कारणहि नव्हतें. मातोश्रींनीं कोणताहि पदार्थ शिकविण्याचें साफ नाकारलें. "आधीं पाणी शिका," हा त्यांचा हुकूम. या शिक्षणाचा सारांश खालीं देतों.

पहिली गोष्ट पाण्याची. कट हवा असेल तर डाळ कुकरमध्यें न लावतां उघड्या पातेल्यांत शिजवावी. एक वाटी हरभऱ्याची डाळ स्वच्छ धुऊन तासभर भिजवावी आणि पांच वाट्या पाण्यास उकळी आल्यावर त्यांत सोडावी. पाणी गोडें पाहिजे. आमच्या वाड्यांतील आडाचें पाणी जड असल्यानें त्यांत डाळ तासन्‌तास टणक राहते. नळाच्या पाण्यांत तीच लवकर मऊ होते. याचें कारण चिरंजीवानें शोधून काढलें. जड पाण्यांतील चुन्याचे व मॅग्नेशियमचे क्षार डाळीच्या पेशींना जोडणाऱ्या द्रव्यास घट्ट धरून ठेवतात, म्हणून दाणा सुटत नाहीं. नीरेचा डावा कालवा १८८५ च्या सुमारास वाहूं लागल्यावर बारामती-इंदापूरकडे ऊस आला, समृद्धि आली. पण अति पाण्यानें कित्येक जमिनी खारवटहि झाल्या. तेव्हां कोणत्या विहिरीचें पाणी कशास चालतें, हें या भागांतील जुन्या गृहिणींस पाठ असे, यांत नवल नाहीं.

दुसरी गोष्ट विस्तवाची. पहिली उकळी मोठ्या आंचेवर. वर येणारा फेस पळीनें काढून टाकावा. मग चिमूटभर हळद व थेंबभर तेल घालून आंच मंद करावी. तेलानें फेस उतूं जात नाहीं. या पुढें डाळ ढवळूं नये. ढवळली कीं दाणा फुटतो, पाणी गढूळ होतें व कटाऐवजीं पातळ वरण हातीं येतें.

तिसरी गोष्ट आंबटाची. चिंच, आमसूल, टोमॅटो यांपैकीं कांहींहि डाळ पुरी शिजल्याशिवाय पातेल्यांत जातां कामा नये. आंबटानें डाळ शिजण्याचें थबकते. घाईच्या वेळीं सोडा घालावा काय, असें पुतणीनें विचारलें. सोड्यानें डाळ लवकर गळते हें खरें, पण तिच्यांतील ब-१ जीवनसत्त्वाचा नाश होतो आणि पाण्यास साबणासारखी चव येते. मातोश्रींस जीवनसत्त्वाचें कारण ठाऊक नव्हतें. "सोडा घातलेली आमटी घशाखालीं उतरत नाहीं," एवढाच त्यांचा शेरा होता, आणि तो पुरेसा होता.

चौथी गोष्ट परीक्षेची. दाणा आंगठा व तर्जनी यांमध्यें दाबावा. तो विनासायास चेपला, पण पातेल्यांत मात्र अखंड दिसत असला, तर वेळ झाली असें समजावें. मग खालीं दुसरें पातेलें ठेवून (मोरी नव्हे!) डाळ चाळणींत निथळावी. ती दाबूं नये. आपोआप जेवढें उतरेल तेवढाच कट. डाळ पुरणाकडे जाते व कट आमटीकडे.

पांचवी गोष्ट चवीची; आणि येथेंच आमच्या मुलांची खरी कसोटी लागली. कटांत कांहींहि घालण्यापूर्वीं तो नुसता, मिठाचा एक खडा टाकून, चाखावयाचा आणि कसा लागतो तें आजीला शब्दांत सांगावयाचें. "छान" हा शब्द मातोश्री मान्य करीत ना. "छान म्हणजे काय? गोडसर आहे कीं मातकट? जिभेवर राहतो कीं लगेच जातो?" पहिल्या खेपेस मुलांस चार शब्द सांपडेनात. तिसऱ्या आठवड्यांत पुतणी म्हणाली, "आजी, आज कट ओल्या हरभऱ्यासारखा लागतोय, पण मागं किंचित् कडवट आहे." मातोश्रींनीं लागलींच विचारलें, "फेस काढला होतास का?" काढला नव्हता. त्या दिवशीं मुलीचा चेहरा खुलला तसा परीक्षेंत पहिली आली तेव्हांहि खुलला नव्हता.

पुढची कृति सोपी आहे. कटांत मूठभर शिजलेली डाळ अगर पुरण घोटून घालावें, म्हणजे त्यास अंग येतें. चिंचेचा कोळ, गूळ, मीठ, गोडा मसाला व भाजून कुटलेलें सुकें खोबरें घालून उकळावें. वरून मोहरी, जिरें, हिंग, कढीलिंब यांची खमंग फोडणी द्यावी. गुळाच्या प्रमाणाबद्दल आमच्या घरीं दोन पक्ष आहेत. बारामतीची गुळाची पेठ नांवाजलेली, म्हणून माहेरच्या आमटींत गूळ सढळ असे; सासरीं तो बेताचा. मातोश्रींनीं मधला मार्ग काढला आणि तोच आतां आमच्या घरची चव होऊन बसला आहे. उन्हाळ्यांत मात्र कट फार वेळ बाहेर ठेवूं नये; तो लवकर आंबतो. त्याच दिवशीं वापरावा, नाहीं तर थंड करून फ्रीजमध्यें ठेवून दुसऱ्या दिवशीं संपवावा.

चिरंजीव शास्त्रशाखेचा विद्यार्थी. त्यानें लहान तराजू आणून आजीच्या चिमटींतील मीठ वजन करण्याचा उद्योग आरंभिला. तीन वेळां वजन केलें आणि तीनहि वेळां तें निराळें भरलें! तो गोंधळला. मातोश्री हंसून म्हणाल्या, "अरे, मी हाताकडं बघत नाहीं, पातेल्याकडं बघते. पातेलं जेवढं मागतं तेवढा हात उघडतो." प्रमाण हें पदार्थाशीं असलेलें नातें आहे, केवळ आंकडा नव्हे, ही गोष्ट त्या दिवशीं त्याच्या वहींत लिहिली गेली. तरी त्यानें आंकडेहि लिहिलेच. आणि आम्हीं त्यास अडविलें नाहीं. पाहून शिकण्याची संधि ज्यास मिळाली नाहीं, त्याला आंकड्याचाच आधार असतो.

येथें कोणी शंका घेईल, कीं डाळीच्या पाण्याचें एवढें स्तोम कशासाठीं? तर जगांतील बहुतेक प्रगल्भ पाकपरंपरा अशाच एखाद्या पाण्यावर उभ्या आहेत. फ्रेंच लोक हाडें व भाज्या मंद शिजवून जो अर्क काढतात, त्यास त्यांच्या भाषेंत पाया या अर्थाचाच शब्द आहे. इंग्रजींत त्यास स्टॉक म्हणतात. जपानांत समुद्रशेवाळाचें पाणी हा पुष्कळ रशांचा आधार. त्या पाण्यास रुचि कोठून येते, याचा शोध घेतां घेतां किकुनाए इकेदा या रसायनशास्त्रज्ञानें १९०८ सालीं ग्लुटामेट वेगळें काढलें व त्या रुचीस उमामी हें नांव दिलें. आणि ज्या हरभऱ्याच्या पाण्याकडे आपण दुर्लक्ष करितों, त्यास पाश्चात्य देशांत २०१५ सालीं 'अॅक्वाफाबा' असें भारदस्त नांव मिळालें. तें घुसळून अंड्याच्या पांढऱ्या बलकाच्या जागीं वापरतात. मांसाहार न करणाऱ्या आपल्या घरांत हाडांच्या अर्काचें काम डाळी व कडधान्यें यांनींच केलेलें आहे. संस्कृतांत तर 'सूप' या शब्दाचा अर्थच शिजविलेली डाळ असा आहे आणि स्वयंपाक्यास 'सूपकार' म्हणतात. रामचंद्र सखाराम गुप्ते यांचें पाककृतींचें मराठी पुस्तक १८७५ सालीं निघालें, त्याचेंहि नांव 'सूपशास्त्र'. म्हणजे आपल्या पूर्वजांनीं अवघ्या पाकशास्त्राचें नांव डाळीवरून ठेवलें. आणि आम्ही त्या डाळीचें सत्त्व मोरींत ओतीत आहों!

तथापि पुस्तकांचें महत्त्व आम्हांस कमी लेखावयाचें नाहीं. १९१० सालीं लक्ष्मीबाई धुरंधरांचें 'गृहिणीमित्र' आणि १९७० सालीं कमलाबाई ओगल्यांची 'रुचिरा' यांनीं महाराष्ट्रांतील हजारों घरांस हात दिला. विशेषतः ज्या सुनांना शिकविणारें कोणी नव्हतें, किंवा शिकविणारें माणूस धाकानेंच शिकवीत असे, त्यांना पुस्तकानें अपमान न करितां शिकविलें. जुन्या एकत्र कुटुंबाची स्तुति करितांना आपण हें विसरतों, कीं तेथील विद्या पुष्कळदां अश्रूंसह दिली गेली. ती धाकाशिवाय द्यावयाची कशी, हा आजच्या कुटुंबापुढील प्रश्न आहे. आमच्या मातोश्रींनीं त्याचें उत्तर होळीच्या दिवशीं एका वाटी डाळीनें दिलें.

आमचें कुलदैवत नीरा नरसिंहपूरचा श्रीलक्ष्मीनृसिंह. भीमा व नीरा यांच्या संगमावर, पुणें जिल्ह्याच्या अगदीं टोंकास हें क्षेत्र आहे. वैशाखांत नृसिंहजयंतीच्या पारण्यास घरीं पुरणाचा नैवेद्य असतो. यंदां तो सर्व स्वयंपाक पुतणीनें केला. चिरंजीवानें पुरण वाटलें. मातोश्री स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशीं बसून होत्या, पण एकदांहि आंत आल्या नाहींत. नैवेद्य झाला, पानें वाढलीं गेलीं. आम्हीं सर्वांनीं आमटीची वाहवा केली. मातोश्रींनीं वाटी तोंडाला लावली, ऊन ऊन रस घोटला आणि नातीकडे पाहून विचारलें, "कशी झालीय?"

पुतणी क्षणभर थांबली. मग म्हणाली, "आजी, चिंच जरा जास्त झाली. आणि खोबरं आणखी भाजायला हवं होतं."

मातोश्रींच्या डोळ्यांत पाणी आलें. "मग आलं तुला," एवढेंच त्या म्हणाल्या, आणि त्यांनीं वाटी पुन्हां पुढें केली.

वाचकांस आमची एवढीच विनंति आहे. आपल्या घरीं जें कोणी वडील माणूस चुलीपाशीं उभें असेल, त्याच्याजवळ या आठवड्यांत एक तास बसावें. पदार्थ विचारूं नये, "हें पाणी तुम्ही कशाला ठेवतां?" एवढेंच विचारावें. आणि शिकतांना घरच्या मुलाच्या हातून पातेलें उपडें झालें, तर डब्यांतून आणखी एक वाटी डाळ काढावी.